फिंच हातावर येत नाही आणि अंडी काही थांबत नाहीत

वाचक लिहितात: "वर्षभरापूर्वी लेकीच्या वाढदिवसाला झेब्रा फिंचची जोडी आणली. लेक आता नऊ वर्षांची आहे, तिला पक्षी बोटावर बसवायचाय, पण हात आत घातला की दोघंही पिंजराभर धडपडत सुटतात. अंडी मात्र सारखी चालूच. तीन पिल्लं मोठी झाली, आता एका पिंजऱ्यात पाच जण, त्यातल्या एकाच्या पाठीवरची पिसंच गेलीत. दुकानदार म्हणतो बाकीचे देऊन टाका, एकटा ठेवला की आपोआप माणसाळेल. सासूबाई म्हणतात सगळेच सोडून द्या. त्यात कालपासून मादी खाली कोपऱ्यात फुगून बसलीये. आणि पुढच्या आठवड्यात आम्हाला पाच दिवस बाहेर जायचंय, भांडी भरून ठेवली तर चालेल ना? – एक वैतागलेली आई"

ताई, मादीबद्दलचं उत्तर तुमचं पत्र वाचल्या वाचल्या मेलवर पाठवलंय, ते इथे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतंच. पण बाकीच्यांसाठी परत लिहिते, कारण फिंच पाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाठ करून ठेवावं असं मला वाटतं. सारखी अंडी देणारी मादी जर पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसली असेल, शेपटी श्वासाबरोबर वरखाली होत असेल, पोट खालून फुगलेलं दिसत असेल, तर पहिला संशय घ्यायचा तो अंडं आत अडकल्याचा. यात वाट बघायला वेळ नसतो, एक-दोन दिवसांत पक्षी हातचा जातो. तिला एका छोट्या खोक्यात किंवा छोट्या पिंजऱ्यात वेगळी ठेवा, एका बाजूने ऊब द्या, म्हणजे बल्ब किंवा टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, साधारण 30 अंशांच्या आसपास, पण दुसरी बाजू गार राहू द्या म्हणजे जास्त गरम झालं तर तिला सरकता येईल. आत ओला नॅपकिन ठेवला की हवेत थोडा दमटपणा राहतो, त्याचा उपयोग होतो. आणि त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न कुणीही करू नका, ते आतल्या आत फुटलं तर काय होतं ते मला इथे लिहायचंही नाहीये.

आता कोणी म्हणेल दुसरंही काही असू शकतं. असू शकतं, बरोबर आहे. म्हणूनच डॉक्टर म्हटलं. फिंचसारखे छोटे पक्षी आजार लपवतात, थव्यात जो लुळा दिसतो तोच शिकाऱ्याचा पहिला घास होतो, त्यामुळे शेवटपर्यंत दांडीवर ताठ बसून राहायचं हे त्यांच्या रक्तातच आहे. तो फुगून तळाशी बसलेला तुम्हाला दिसला, म्हणजे लपवायची ताकद संपलीये. "उद्या बघू" हे वाक्य 12–15 ग्रॅमच्या जिवाला परवडत नाही. श्वास घेताना टकटक असा बारीक आवाज येतोय, चोच उघडी ठेवून धापा टाकतोय, नराचा आवाज बसलाय, असं असेल तर श्वासाच्या नळीत आणि हवेच्या पिशव्यांत राहणाऱ्या माइट्सचा, म्हणजे अगदी बारीक किड्यांचा, संशय घ्यायचा, त्यावर औषध आहे आणि ते डॉक्टरच वजन बघून थेंबात देतात. दुकानातून कुठलंतरी अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकायचं, ही एक वाईट सवय सगळीकडे आहे. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, मग डोस कसला पोचणार त्याला.

बरं, आता ही अंडी. तुमच्या पत्रातल्या बहुतेक सगळ्या कटकटींचं मूळ इथेच आहे असं माझं मत, मादीचं आजारपण, गर्दी, उपटलेली पिसं, सगळंच. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातला, तिथल्या कोरड्या भागात पाऊस कधी पडेल याचा भरवसा नाही, म्हणून हा पक्षी महिना-तारीख बघून वीण करत नाही, पाऊस पडून गवताला दाणे धरले की लगेच घरटं बांधायला घेतो. आता तुमच्या घरातली परिस्थिती बघा. बारा महिने दाणे भरलेले, पाणी समोर, रात्री दहा-अकरापर्यंत दिवे चालू, आणि पिंजऱ्यात आयतं घरटं टांगलेलं! त्या बिचाऱ्यांच्या हिशोबाने वर्षभर सुकाळच चालू आहे, मग थांबायचं कशाला.

एका वेळी साधारण चार ते सहा अंडी, रोज एक. एक अंडं जेमतेम ग्रॅमभर. ऐकायला काहीच नाही वाटत, पण मादीचं स्वतःचं वजन 12–15 ग्रॅम असताना पाच अंडी म्हणजे आठवड्याभरात तिने आपल्या वजनाच्या एक तृतीयांश माल शरीरातून काढून दिला, आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम खाण्यातून नाही मिळालं तर ते हाडांतून काढलं जातं. मग कॅल्शियम कमी पडलं की कवच मऊ होतं, अंडं ढकलणाऱ्या स्नायूंमध्येही जोर राहत नाही, आणि अंडं अडकतं. वर्षभर न थांबता हे चालू असेल तर मादी कोपऱ्यात बसली याचं नवल नाही, आत्तापर्यंत उभी होती याचंच नवल आहे.

तर घरटं काढा. छोटं मडकं असो, विणलेली टोपली असो, लाकडी बॉक्स असो, आतलं गवत-बिवत सगळं बाहेर. "मग ते झोपणार कुठे?" हा प्रश्न मला हमखास येतो. दांडीवर झोपतात हो, व्यवस्थित झोपतात, वर आणि टोकाला एक उंच दांडी ठेवा, रात्री सगळे तिथेच एकमेकांना चिकटून बसतील. घरटं काढल्यावर मादी हट्टाने दाण्याच्या वाटीत अंडं घालू शकते, तेव्हा उघड्या मोठ्या वाट्या काढून छोटी झाकणवाली भांडी लावा. आणि आत्ता घरट्यात अंडी असतील तर ती एकेक करून उचलू नका, इथेच बरेच जण चुकतात, अंडी कमी झाली की तिला वाटतं गेली, आणि ती परत घालते, म्हणजे तुम्ही थांबवायला गेलात आणि दुप्पट झाली. त्याऐवजी प्लास्टिकची खोटी अंडी मिळतात ती ठेवा, किंवा तीच अंडी घातल्या घातल्या उकळून गार करून परत ठेवा. खऱ्या अंड्यातून पिल्लू 12 ते 14 दिवसांत येतं, तर हे दोघं थोडे दिवस जास्त बसतील आणि मग कंटाळून स्वतःच उठतील. त्यानंतर घरटं काढायचं. सोबत उजेडाचे तास कमी करा, दहा तासांच्या आसपास आणा, संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड टाकलं तरी झालं, आणि उकडलेलं अंडं, एग फूड वगैरे पौष्टिक खाणं काही आठवडे बंद ठेवा. आजारी मादीला नाही हं, तिचं खाणं डॉक्टर सांगतील तसं.

कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री प्राण्याचं कॅल्शियमवालं पांढरं कवच, मात्र बारा महिने पिंजऱ्यात असलंच पाहिजे. नसेल मिळत तर कोंबडीच्या अंड्याचं कवच धुऊन, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर चांगलं भाजून, बारीक चुरा करून छोट्या वाटीत ठेवा, फुकटात काम होतं. अजून एक, काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा या बाबतीत उपयोग नाही, कॅल्शियम अंगी लागायला जे डी 3 जीवनसत्त्व लागतं ते तयार करणारे किरण काच अडवते. थोडा वेळ उघड्या हवेतलं कोवळं ऊन, अर्ध्या पिंजऱ्यावर सावली ठेवून आणि कोणीतरी जवळ बसून, नाहीतर डॉक्टरला विचारून डी 3 चं सप्लिमेंट.

पिल्लाची पिसं. यात दोन शक्यता आहेत, एक म्हणजे नुसतीच गर्दी, दुसरी म्हणजे आईबापांना पुढची अंडी घालायची घाई झाली की ते आधीच्या पिल्लांना हुसकावतात, पाठीवरची आणि मानेवरची पिसं ओढतात. दोन्हीवर उपाय एकच, वेगळं करा. पिल्लं 35 दिवसांच्या आसपास स्वतःचं स्वतः दाणे फोडून खायला लागतात, त्यानंतर त्यांना आईबापांजवळ ठेवायची गरज नाही, आणि खरं सांगायचं तर ठेवूच नये, कारण दोन-तीन महिन्यांत ती वयात येतात आणि मग भाऊ-बहीण, बाप-लेक असा काहीही विचार पक्षी करत नाही. तुमची तिघं कोणत्या वयाची आहेत ते पत्रात नाहीये. सहा-आठ आठवड्यांनंतर नराच्या गालावर नारिंगी ठिपका यायला लागतो, छातीवर काळ्या-पांढऱ्या रेघा, कुशीला तांबूस रंग त्यावर पांढरे ठिपके, आणि चोच मादीपेक्षा गडद लाल. पांढऱ्या जातीत हे काहीच दिसत नाही, तिथे चोचीचा रंग बघायचा आणि कोण गातंय ते ऐकायचं, झेब्रा फिंचमध्ये गाणं फक्त नर गातो. मग दोन पिंजरे करा, नर एकीकडे, माद्या एकीकडे, शेजारी शेजारी ठेवले तरी चालेल. नुसते नर, समोर मादी नसताना, बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने राहतात. दोन नर आणि एक मादी हे कॉम्बिनेशन मात्र कधीच नको. एकूणच नर-माद्या एकत्र असतील तर तीन हा आकडा फिंचच्या पिंजऱ्यात वाईट, एक जण कायम मार खातो.

पिंजऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, पण वाढदिवसाची भेट म्हटल्यावर तो उंच, वर कळस असलेला, दिसायला छान असा असणार, असा माझा अंदाज. फिंच पोपटासारखा गजांना धरून चढत नाही, तो आडवा उडतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यामुळे उंचीचा त्याला उपयोग नाही, लांबी पाहिजे. एका जोडीला निदान पाऊण मीटर लांब, जास्त असेल तर उत्तमच, आणि गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आत, नाहीतर डोकं अडकतं. गोल पिंजरा तर देऊनच टाका. दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, त्यात एक-दोन खऱ्या झाडाच्या फांद्या, सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या असल्या की पायाला जखमा होतात आणि नखं वाढत जातात. आणि मधली जागा मोकळी ठेवा प्लीज, झोके, आरसे, घंट्या, शिड्या यांनी पिंजरा भरला तर उडायचं कुठून. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावा म्हणजे त्यांना पाठ सुरक्षित वाटते. स्वयंपाकघरात नको, हे अगदी गंभीरपणे सांगतेय. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांना काही मिनिटांत मारते, माणसाला पत्ताही लागत नाही. पक्ष्यांच्या श्वसनाची रचनाच अशी आहे की फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि प्रत्येक श्वासातलं जास्तीत जास्त रक्तात ओढलं जातं, ऑक्सिजन तसा आणि विषही तसंच. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी नेत असत, 1986 पर्यंत चालू होतं ते, ते याचमुळे. तेव्हा रूम स्प्रे, परफ्यूम, सुगंधी मेणबत्त्या, सिगरेट, सगळं त्या खोलीबाहेर.

आता लेकीचा प्रश्न, जो खरं तर तुमच्या पत्राचा पहिला प्रश्न होता आणि मी मुद्दाम मागे ठेवला. फिंच हातावर यायचा पक्षी नाहीये. अपवाद असतात, अगदी पिल्लू असताना हाताने भरवून वाढवलेला एखादा फिंच बोटावर बसतो, पण ते काम भयंकर कठीण आहे आणि बहुतेक पिल्लं त्यात दगावतात, मजा म्हणून करायची गोष्ट नाही ती. बाकी 99 टक्के फिंचसाठी तुमचा हात म्हणजे वरून येणारा ससाणा. तो धडपडतो ते लाजून किंवा सवय नाही म्हणून नाही, जिवाच्या भीतीने धडपडतो, आणि रोज हात घालून "सवय" लावायला गेलात तर तो रोज घाबरणार, एवढंच होणार. ज्याने हे पक्षी "मुलांसाठी बेस्ट" म्हणून विकले त्याला मला दोन शब्द सुनवायचेत, पण तो हे सदर वाचत नसणार. मुलांसाठी बेस्ट नक्कीच आहेत, फक्त बघायला. मासे पाळतो ना, तसं समजा, टाकीतला मासा मांडीवर घ्यायचा हट्ट कोणी करत नाही.

आणि एकटा ठेवायचा सल्ला तर डोक्यातून काढूनच टाका. एकटा ठेवलेला फिंच माणसाळत नाही, तो हाका मारत बसतो. हा थव्याने राहणारा पक्षी आहे आणि झेब्रा फिंचची जोडी बहुतेक आयुष्यभराची असते, दोघं एकमेकांची पिसं साफ करतात, अंड्यांवर आळीपाळीने बसतात, दिवसभर बारीक आवाजात एकमेकांना "आहेस ना, आहे" करत असतात. जोडीदार दिसेनासा झाला की तो आवाज मोठा होतो, सारखा होतो, दिवस दिवस चालतो. लोकांना वाटतं वा, किती गातोय. तो गात नसतो ओ. आरसा लावून काही साधत नाही, आरशातला उत्तर देत नाही.

मग लेकीने करायचं काय? मला तर वाटतं हातावर बसवण्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग गोष्टी या पिंजऱ्यात चालू आहेत, फक्त कोणीतरी तिला दाखवायला हव्यात. नराचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. प्रत्येक झेब्रा फिंच नराचं एकच गाणं असतं, जेमतेम सेकंदभराचं, तेच तो आयुष्यभर परत परत म्हणतो, आणि ते तो लहानपणी बापाकडून शिकतो, साधारण तीन महिन्यांचा होईपर्यंत. त्यानंतर गाणं पक्कं, नवीन काही शिकणं बंद. तुमच्या तीन पिल्लांत एखादा नर असेल आणि अजून लहान असेल तर सध्या तो नुसतं काहीतरी पुटपुटत असेल, सुरुवातीला त्याला आगा ना पीछा, मग हळूहळू बापाच्या गाण्याचे तुकडे त्यात ऐकू यायला लागतात. हे रेकॉर्ड करून दर आठवड्याला लावून बघितलं तर नऊ वर्षांच्या मुलीलाही फरक कळतो. म्हणून तर, तसा शिकाऊ नर असेल तर त्याला आईपासून आणि बहिणींपासून वेगळं करताना बापाच्याच पिंजऱ्यात ठेवा. लहान मूल बोलायला कसं शिकतं हे समजून घ्यायला जगभरातल्या प्रयोगशाळा हाच पक्षी वापरतात, 2010 मध्ये याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचला गेला, पक्ष्यांमध्ये कोंबडीनंतर याचाच नंबर लागला. आणि 2016 चं एक संशोधन आहे ते तर भन्नाट आहे, बाहेर खूप उकाडा असेल तर झेब्रा फिंचचे आईबाप अंड्यांवर बसून एक वेगळीच हाक देतात, आणि ती हाक अंड्यात ऐकलेली पिल्लं उष्ण घरट्यात वाढताना आकाराने लहान राहतात, जे उन्हाळ्यात फायद्याचं असतं. अंड्यातल्या पिल्लाला बाहेरच्या हवामानाची बातमी! हे तिला सांगा आणि चेहरा बघा तिचा.

जवळीक थोडीफार होते, नाही असं नाही, पण ती त्यांच्या अटींवर. रोज ठरलेल्या वेळी तिने पिंजऱ्यापासून दोन हात लांब शांत बसायचं, पुस्तक वाचायचं, पिंजऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. आठवड्याने थोडं पुढे सरकायचं. मिलेटची कणसं मिळतात, राळ्याची, ती फिंचना जाम आवडतात, ते एक कणीस तिने बाहेरून गजांना लावून धरायचं आणि हात स्थिर ठेवायचा, काही आठवड्यांनी एखादा धीट येऊन खाईल. तेवढंच, पण नऊ वर्षांच्या मुलीने ते स्वतः कमावलेलं असेल. आणि उथळ ताटलीत बोटभर पाणी ठेवायचं काम तिच्याकडे द्या, आंघोळीला उतरतील तेव्हा पाचही जण मिळून एवढं पाणी उडवतात की खालची फरशी पुसायचं काम तुमच्याकडे येईल. हातात धरायची वेळ आलीच, नखं कापायला किंवा डॉक्टरकडे न्यायला, तर ते मोठ्या माणसाने करायचं, खोली अंधुक करून, मान दोन बोटांच्या मध्ये आणि पाठ तळहातावर, छातीवर अजिबात दाब न देता. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच ते श्वास घेतात, घट्ट धरलं की श्वासच बंद.

सासूबाईंचा मुद्दा मला समजतो, पिंजरा बघवत नाही काही जणांना, आणि त्यात वाईट काही नाही. पण हे पक्षी कित्येक पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेत, दाणा कुठे शोधायचा, मांजर दिसलं की काय करायचं, काहीही माहिती नसतं, सोडलेला फिंच एक-दोन दिवसही काढत नाही बहुतेक. आणि समजा तगलेच तर ते जास्त वाईट, परके पक्षी आणि त्यांचे आजार तिथल्या रानपक्ष्यांच्या वाट्याला येतात, बऱ्याच देशांत असं सोडणं बेकायदा आहे ते उगाच नाही. सासूबाईंना सांगा की नवीन पक्षी आणायचे नाहीत, नवीन पिल्लं होऊ द्यायची नाहीत आणि आहेत त्यांना मोठा पिंजरा द्यायचा. झेब्रा फिंच पाच-सात वर्षं जगतो, चांगला सांभाळला तर त्याहून जास्त, तेवढी जबाबदारी आहेच आता. जागा नसेल तर तिघांना कुणा मोठी एव्हिअरी (पक्ष्यांना उडता येईल असा खोलीएवढा पिंजरा) असलेल्या माणसाकडे द्या, पण एकेकटं करून नाही आणि दुकानात परत तर नाहीच. रानातून पकडलेल्या मुनिया वगैरे कोणी स्वस्तात देत असेल तर अजिबात घेऊ नका, ती वेगळीच आणि फार वाईट गोष्ट आहे, बऱ्याच ठिकाणी गुन्हाही आहे. एखादीला शांत, भांडण न करणारा फिंच हवाच असेल तर बेंगलीज फिंच बघा, तो रानात सापडतच नाही, जपानमध्ये पिढ्यानपिढ्या पाळून तयार झालेली जात आहे, स्वभावाने इतका गरीब की दुसऱ्यांची पिल्लंही वाढवतो. बजरीगर (ते छोटे रंगीत पोपट) आणि फिंच एका पिंजऱ्यात नको, बजरीगरच्या चोचीपुढे फिंचचा पाय म्हणजे काडी.

राहिला बाहेरगावचा प्रश्न. भांडी भरून पाच दिवस? नाही चालणार. पाणी दुसऱ्या दिवशी विष्ठेने घाण होतं, आणि दाण्याचं तर त्याहून फसवं आहे. फिंच दाणा अख्खा गिळत नाही, चोचीत फिरवून साल काढतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. त्यामुळे वरून बघितलं तर वाटी भरलेली दिसते, आणि आत नुसतं टरफल असतं. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी मेलेत, खरंच, आणि एवढ्या छोट्या पक्ष्याला उपाशी मरायला एक दिवससुद्धा पुरतो. म्हणून रोज सकाळी वाटी हातात घेऊन हलकी फुंकर मारायची, टरफल उडून जातं, खाली खरे दाणे किती उरले ते दिसतं, मग वरून भर घालायची. जो कोणी शेजारी किंवा मैत्रीण येणार असेल तिला निघायच्या आधी एकदा समोर उभं करून हे करून दाखवा, नुसतं "वाटी रिकामी दिसली तर दाणे टाक" असं सांगून जाऊ नका, कारण ती रिकामी कधीच दिसणार नाही. एकाऐवजी दोन भांडी दाण्याची आणि दोन पाण्याची लावून ठेवा, म्हणजे एक सांडलं तरी दुसरं असेल. मादी तोपर्यंत पूर्ण बरी नसेल तर तिला घरी सोडून जाऊ नका, डॉक्टरकडे पक्षी ठेवायची सोय असते का ते विचारा, नाहीतर तिच्या डब्यासकट तिलाही सोबत न्या, आणि डॉक्टरचा नंबर त्या मैत्रिणीकडेही देऊन ठेवा, बाकीच्या चौघांसाठी.